पगाराचा रकाना

अण्णा,

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मी तुमच्या वहीत मधोमध रेघ मारली. डावीकडे स्थिर खर्च: शेडचं भाडं, विम्याचा हप्ता, काम असो नसो, द्यायचेच. उजवीकडे बदलता खर्च: पत्रा, वीज; कामाबरोबर वाढणारे, घटणारे. रोजावरची तीन माणसं मी उजवीकडे लिहिली. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरच होतं. तुम्ही पत्रा कापायच्या प्रेस मशीनवरून हात पुसत आलात, ती ओळ खोडलीत आणि भाड्याखाली लिहिलीत. "ऑर्डर न्हाई म्हणून भूक लागायची थांबती व्हय?" मी म्हणाले, भूक हा खर्चाचा प्रकार नाही. "मग तुझ्या सरांचा पगार सुट्टीत बंद असतो व्हय गं?" तिघेही हसले. मला राग आला. त्या आठवड्यात काम नव्हतं, तरी तुम्ही त्यांना प्रेसमध्ये बसवतात त्या पत्रा कापायच्या डायला तेल लावायला बसवलंत. तिच्यावरून आधीच तेल ओघळत होतं. "परवाच लावलंय," मी म्हणाले. "लावू दे परत."

तुम्ही गेलात आणि वही माझ्याकडे आली. चौदाव्या दिवशी मी शेड उघडली. रडले नाही. पहिल्याच मंदीत तिघांना घरी पाठवलं. त्या महिन्याचा हिशेब छान जुळला. दोन महिन्यांनी ऑर्डर आली, तेव्हा तिघांतला डाय बसवणारा चाकणच्या एका कंपनीत लागला होता. नव्या माणसाने ती वाकडी बसवली. सगळा माल परत आला. तुमची आठवण आली असं लिहिणार होते, पण तेव्हा आली नाही. वाया गेलेल्या पत्र्याचं वजन केलं, इतकंच.

काल पुन्हा काम थांबलं. आता शेडमध्ये एकच माणूस आहे, लातूरकडचा; ज्याने ती वाकडी बसवली तोच. हळूहळू शिकला. आता त्याच्याशिवाय डाय बसत नाही. संध्याकाळी डबा हातात घेऊन तो दारात थांबला. "ताई, उद्या येऊ का नगं?" घरी जाऊन काय सांगायचं, ते माझ्या उत्तरावर होतं. कॉम्प्युटरवर त्याचा पगार अजून उजवीकडेच होता. मी मान वर न करता म्हणाले, "ये. डायला तेल लावायचंय." तो गेल्यावर रकाना बदलला. नवा माणूस शिकवणं महाग पडतं, असं स्वतःला सांगितलं.

हा कागद तुमच्या वहीतच राहील, कुणी वाचणार नाही, म्हणून लिहिते. डायला तेल मी काल सकाळीच लावलं होतं.