दातवाल्यांच्या गाडीचा पंप

३ मार्च, सोमवार

दातवाल्यांची गाडी परत आली. दोरीला बांधून! पुढे कुणाचा तरी टेम्पो, मागे ही, आणि आत स्टिअरिंग धरून स्वतः दातवाले — चेहरा असा की कुणी त्यांचीच दाढ काढलीय. उतरल्या उतरल्या म्हणाले, "ताई, तुमचा पंप पुन्हा झोपला." माझा पंप! गाडी त्यांची, कॉम्प्युटर बाहेरच्या कंपनीचा, आणि झोपला की पंप माझा.

एवढा चांगला दवाखाना चालतो, पण हौस दांडगी. जुन्या गाडीतला इंजिन सांभाळणारा मूळचा कॉम्प्युटर काढून बाजारातला नवा बसवून हवा होता — गाडी पळते म्हणे त्याने. बसवून दिला. चावी फिरवली की पेट्रोलचा पंप दोन सेकंद गुणगुणतो आणि गप्प होतो. हे बरोबर. इंजिन फिरतंय असं दिसलं की कॉम्प्युटर त्याला पुन्हा चालू करतो. हेही बरोबर. गल्लीत दोन फेऱ्या छान होतात. मोठ्या रस्त्याला लागलं, थोडं अंतर कापलं की पंप बंद! जरा थांबलं की पुन्हा चालू. आणि आमच्या दारात आली की शहाण्या मुलीसारखी चालते, आवाज नाही की कुरकूर नाही.

वायरी माझ्या, लॅपटॉप छोट्याचा. बाबा होते तेव्हा वायरी माझ्या आणि इंजिन त्याचं होतं. आता इंजिनात लॅपटॉप घुसला, तोही त्याच्याच वाट्याला. मी त्याच्या पडद्याकडे बघत नाही, तो माझ्या वायरींना हात लावत नाही. म्हणून तर बहीणभावाचं इतकी वर्षं धड चाललंय. छोट्याला टक्कल पडलं, चाळिशीचा चष्मा लागला, तरी छोट्याच.

४ मार्च

पंपाला करंट सोडणारा रिले बदलला. पंप सरळ बॅटरीवर लावून बघितला — ठणठणीत. म्हणजे दोष कुठेतरी मध्ये आहे. कंटाळा आलाय.

६ मार्च, गुरुवार

आज दातवाल्यांनी नीट सांगितलं त्या दिवशी काय झालं ते. ट्रकला ओलांडत होते. निम्मे पुढे गेले आणि इंजिन मेलं. समोरून बस. कसेबसे ट्रकच्या मागे आले. मागच्या सीटवर त्यांची मुलगी होती, गोष्टीचं पुस्तक वाचत. तिला काही कळलंसुद्धा नाही म्हणाले. हसत सांगत होते, पण पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता.

मी आत जाऊन उगाच पाने पुसत बसले.

इथे लिहायला काय हरकत आहे, कोण वाचतंय! उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झालीत. मनगटात नस दबलीय. डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलंय, नाहीतर काम कमी करा म्हणाल्या. काम कमी करा! मी हो म्हणून घरी आले. घरात कुणाला सांगितलेलं नाही. वायरीचं टोक थिंबलच्या धातूच्या टोपीत घालून पक्कडीने दाबलं की किती दाबलं ते पूर्वी बोटांना कळायचं. आता कळत नाही. डोळ्यांनी बघते, ठीक दिसलं की पुढे जाते. दिसतं ठीकच.

पंपाच्या वाटेवरचा एकेक सांधा मीटर लावून तपासला. सगळीकडे मीटर वाजला. वाजला म्हणजे जोड आहे. म्हणजे माझं काही चुकलेलं नाही.

८ मार्च

डोकं उठलं. छोट्याची बायको दुपारभर मागेमागे. हिला घरात काम नसतं का? "वन्सं, ही हिरवी वायर कुठं जाते हो?" "वन्सं, इथे दोनदा का दाबता?" "वन्सं, टेप उलट्या बाजूने का गुंडाळलीत?" मी काय शाळा उघडलीय! शेवटी म्हटलं, "बाई गं, तुला पंप शिकायचाय की माझा जीव घ्यायचाय?" तर हसली. उठली मात्र नाही. टॉर्च धरून बसली. टॉर्च चांगला धरते, तेवढं खरं; छोट्यासारखा माझ्या डोळ्यांत मारत नाही.

१० मार्च, सोमवार

भांडण. वाईट भांडण.

छोट्या लॅपटॉप मांडीवर घेऊन गाडीत बसला, दातवाल्यांनी गाडी पळवली, आणि पंप बंद पडायची वाट बघितली. पडला. परत आल्यावर मी आधीच तयार! म्हटलं, तुझ्या पडद्यातच घोळ आहे, तुझा कॉम्प्युटर मध्येच पंप सोडतो. तो शांतपणे म्हणाला, "नाही गं ताई. पंप बंद पडला तेव्हाही पडद्यावर चालूच दिसत होता. कॉम्प्युटर सांगतोय चाल, आणि पंप उभा. म्हणजे —"

आणि थांबला. माझ्याकडे बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

म्हणजे काय, बोल ना! बोल म्हटलं! नाही बोलला. मग मीच तोंडाला येईल ते बोलले. बाबांच्या जिवावर उभं राहिलेलं वर्कशॉप लॅपटॉपने बुडवशील म्हणाले. असं बोलायला नको होतं. बाबांना मध्ये आणायला नको होतं.

त्यात दातवाले म्हणतात, "कॉम्प्युटरला कशाला मध्ये ठेवता? पंपाची वायर सरळ चावीवर द्या की." माझा पारा चढला. अहो, इंजिन बंद पडलं की कॉम्प्युटर पंप थांबवतो, ते काय गंमत म्हणून? गाडी कुठे आदळली, उलटली, तर पंप आपला पेट्रोल ओततच राहील! असलं काम मी करणार नाही, दुसरीकडे न्या, म्हटलं.

रात्री जेवले नाही. भावजयीने ताट झाकून ठेवलं.

१३ मार्च, गुरुवार

सापडलं! छोट्याच्या सेटिंगमध्येच चूक होती. सकाळी स्वतः येऊन म्हणाला, "ताई, माझंच चुकलं होतं. बदललं काल."

बघ! म्हटलं नव्हतं मी? म्हटलं होतं! फार बोलले नाही त्याला, पण चेहऱ्यावरून कळलं असेल. गाडी मोठ्या रस्त्यावर नेली, तापवली, चढावर रेटली. पंप हूं की चूं नाही. दातवाले हॉर्न वाजवत आले, लग्नाच्या गाडीसारखे.

दुपारी पडले तर डोळाच लागला. किती दिवसांनी.

१४ मार्च

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. पडद्यावर जर पंप चालूच दिसत होता, तर सेटिंगमध्ये चूक कशी असेल?

असो. चालतेय ना. चालू द्या.

१९ मार्च, बुधवार

नीट क्रमाने लिहून काढते.

दातवाले पेट्रोलचा दाब दाखवणारा काटा बसवायला गाडी सोडून गेले. हौस काही संपत नाही. त्यासाठी मागची सीट काढली, पंपाकडे जाणाऱ्या वायरींवरची टेप सोडली. आतला सांधा माझा नाही.

आपलं अक्षर आपल्याला कळतं तसा आपला सांधा कळतो. मी दोनदा दाबते, दुसरा दाब जरासा तिरका येतो, बाबा त्यावरून चिडवायचे. हा एकदाच दाबलेला, सरळ, खोल. वर नळी चढवून बसवलेली. पंपाची वायर तशीच, त्याची अर्थिंगची वायर तशीच. रिलेजवळचेही. पंपाच्या सगळ्या वाटेवर माझा एक सांधा शिल्लक ठेवलेला नाही.

मग मागच्या दिव्याची वायर शोधली. ती माझीच होती, तिरक्या दाबाची. मीटर लावला — वाजला. मग धरून ओढली.

हातात आली.

जोर लावावा लागला नाही. थिंबल तिथे आणि वायर माझ्या हातात. मीटर वाजायला केसाएवढा करंट पुरतो, पंपाला भरपूर लागतो. सैल सांधा तापतो आणि सोडून देतो. हे मी जगाला शिकवते! लोड देऊन, म्हणजे पंप चालू ठेवून, मापायला हवं होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मापलं नाही, कारण काय दिसेल त्याची भीती वाटत होती. आणि तिकडे ती मुलगी मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसलेली.

सीटवर बसून रडले. कुणी आलं नाही ते बरं झालं.

२० मार्च

छोट्याला बोलावलं. सुटलेली वायर त्याच्या पुढ्यात टाकली. विचारलं, कधी कळलं?

टकलावरून हात फिरवला. म्हणाला, "भांडण झालं त्याच दिवशी."

"मग खोटं का बोललास? स्वतःवर का घेतलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तू पक्कड खाली ठेवली असतीस. मग तू दिवसभर करणार काय, ताई?"

चिडायचं होतं, जमेना. त्याला सांगितलं सगळं — नस, डॉक्टरीणबाई, ऑपरेशन. मग म्हटलं, आणि माझ्या बाकीच्या गाड्या? रस्त्यावर फिरतायत त्या? त्यातली एखादी मध्येच मेली, मागे कुणाचं लेकरू असलं, तर? तर म्हणाला, "त्याची काळजी करू नकोस." का नको? तर लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

आणि सांधे कुणी केले? "मीच," म्हणाला. याने! लहानपणी सायकलची घंटा बसवताना हँडल मोडलेला माणूस! आयुष्यात त्याच्या हातून सरळ दाब आलेला नाही. खोटं बोलताना कान अजून तसेच लाल होतात.

पक्कड खाली ठेवली. खरोखरच ठेवली. फळीवर आहे.

२१ मार्च, शुक्रवार

शाळेची व्हॅन डिसेंबरात केली होती. बेकरीवाल्याची गाडी त्याच्याही आधी. दोन्ही मागवल्या, टेप सोडली. सगळीकडे तोच सरळ, खोल दाब. दातवाल्यांची तेवढी काम झालं त्याच संध्याकाळी गेली होती, म्हणून सुटली.

दुपारी भावजयीला हाक मारली. फळीवरची पक्कड तिच्या हातात दिली, म्हटलं, "कर." कुठे काय, असं काही विचारलं नाही. वायर सोलली, थिंबल चढवलं, एकदाच दाबलं. मी धरून ओढलं. जाम हललं नाही.

विचारलं, कधीपासून?

खाली बघत म्हणाली, "वन्सं, तुम्ही केस कापून आलात ना, तेव्हापासून."

गेल्या दसऱ्यात उकडतंय म्हणून कापले, असं सगळ्यांना सांगितलं होतं. वेणी घालता येईना, बोटांत पेड ठरेनात, म्हणून कापले होते. हे मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं.