कोऱ्या चहाचा डाग

९ मार्च

ती. बाबा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचीही तब्येत ठीक असावी असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. दवाखान्यात गर्दी असते. मुलं दिवसभर गोड थंड पेयं घोट घोट पितात, आणि दात किडले की आया टूथपेस्टला शिव्या घालतात.

इतक्या वर्षांनी पत्र लिहायचं कारण ह्यांचे दात.

परवा मी ते साफ करायला घेतले. वरच्या पुढच्या दातांच्या मागच्या बाजूला तपकिरी थर, चकाकीही गेलेली. घरी आम्ही दोघंही चहा पीत नाही. "ऑफिसात काय पिता?" विचारलं, तर म्हणाले, "पाणी." पाण्याने असे डाग पडायला ते गटारातलं हवं!

खोटं कशाला बोलायचं? माझ्या मनात नको नको ते आलं. खिसे तपासले, शर्टांचे वास घेतले. कुणी बाई असेल तर ती चहा फार कडक करते, इथपर्यंत माझी मजल गेली.

मग जेवताना पाहिलं. हे पाण्याचा घोट पुढच्या दातांमागे धरून ठेवतात आणि सावकाश गिळतात. माझ्या हातातला घास हातातच राहिला. असं पिणारा माणूस मी एकच पाहिलाय. डोळ्याला भिंग, दोन्ही हात कुणाच्या तरी घड्याळात, आणि तोंडात लिंबू पिळलेला कोरा चहा. लिंबाने दाताचं कवच मऊ होतं, त्यावर चहाचा रंग बसतो, आणि तुम्ही तर एक कप दुपारभर पुरवायचात. ते दात बघतबघतच मी ह्या कामात आले.

म्हणजे ज्याच्याशी लग्न केलं म्हणून माझ्याशी बोलणं टाकलंत, त्याच जावयाला चहा पाजताय! आणि दोघं मिळून मला वेड्यात काढताय. कमाल आहे!

ह्यांना अजून काही बोलले नाही. पण संशय एकदा आला की स्वस्थ बसू देत नाही. ह्यांच्या बोटांवर चिमट्याचे वळ दिसतात. शर्टाला यंत्राच्या तेलाचा वास येतो. आणि मागे एकदा भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "माणसाचे हात थरथरायला लागतात ते कशाने गं?" मी म्हटलं, वयाने. आणि विसरून गेले.

बाबा, तुमचे हात थरथरतात का? म्हणून दुकानातले बारीक स्क्रू हे बसवतात? डॉक्टरला दाखवलंत का?

ह्यांना बोलावलंत, मला नाही. चिमटा धरायला तुम्ही मला शिकवलं होतंत. दिवसभर लोकांच्या दाढांत मी तेच तर करते. राग आलाय मला, आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

सोमवारी दवाखाना बंद असतो. दुपारी दुकानात येईन. ह्यांना कळवू नका, आणि मी आले की हात टेबलाखाली लपवू नका.

तुम्ही नको म्हटलंत तरी तुमचीच,
मुलगी