आंदणातली गादी

९ एप्रिल २०१२
आज म. चा भाऊ दुकानात आला. नाव इथंही पूर्ण लिहिणार नाही.
मी गादीला टाके घालत होतो, सुई बोटात गेली. मी त्याला कॉलेजच्या फाटकावर तिला सोडताना पाहिलेलं, त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, कॉलेजातलं कोणीच कधी तिच्या घरी गेलं नाही. बहिणीच्या आंदणात द्यायला गादी पाहिजे म्हणाला. लग्न ६ मे. मुलगा सडक अर्जुनीचा, हायवेवर टायरचं दुकान.
म्हणजे खरंच ठरलं.
त्याला सगळ्यात जाड, सगळ्यात नरम स्पंजची पाहिजे. मी काय बोललो आठवत नाही. माप रशीदचाचांनीच घेतलं. दुकान त्यांचं, मी सात महिन्यांपासून इथं हाताखाली आहे.

१० एप्रिल
लिहूनच टाकतो.
मागच्या पावसाळ्यात गोंदियाहून तिरोड्याला येताना ती माझ्या गाडीवर मागे बसली होती. कॉलेजातला एक जण तिच्याबद्दल काहीतरी बोलला होता, मी पेटलेलो. ती दोनदा म्हणाली, हळू चालव. मी गाडी आणखी पिळली. ब्रेकरवर ती उडाली अन् बसती पडली.
घरी तिने सांगितलं, कॉलेजच्या पायऱ्यांवरून घसरले. डॉक्टर म्हणाले मणका दबला, नरम बिछान्यावर झोपायचं नाही. हे तिने मला फोनवर सांगितलं. रडली नाही. तो शेवटचा फोन. त्याच आठवड्यात मी बी.ए. दुसरं वर्ष सोडलं.
आणि आता भाऊ तिला स्पंज देऊन राहिला.

११ एप्रिल
भाऊ आईला घेऊन आला. आई एकेक गादी तळव्याने दाबून पाहत होती. मी म्हटलं, दाबून काही कळत नाही. जिले झोपायचं हाये तिले आणा, दहा मिनिटं पडून पाहू द्या.
आई हसली. "पोरगी काय बजारात झोपून दाखवन का रे बाबू?"
मग समजावून सांगितलं, जसं काही मला माहीतच नाही. आंदण मांडवात मांडतात. वराकडच्या बाया येऊन गादी दाबतात. हात खोल गेला तर गादी भारी, नाही गेला तर पोरीच्या बापाने हात आखडला.
मी पुन्हा स्पंजला नावं ठेवली. भाऊ म्हणाला, "तू गादी विकून राहिला का डाक्टरकी करून राहिला?"
झालं. माझं डोकं. हातातला टेप आपटला आणि बोललो, मग दाबणाऱ्यांसाठीच घ्या, झोपणारीची कंबर जाऊ द्या खड्ड्यात.
आईने गादीवरचा हात काढून घेतला. भाऊ जवळ आला. "कोनाची कंबर? तुले कोनं सांगतलं?"
तेव्हा कळलं. सोयऱ्यांना तिच्या कमरेचं काही माहीत नाही, आणि कळू द्यायचं नाही.
चाचा मधे पडले. "अरे भाऊ, सबकी कमर. मेरी देखो, तीस साल से गई हुई है." आईला खुर्ची दिली, पाणी दिलं. निघाले ते. ऑर्डर मात्र राहिली.
एका वाक्यात मी तिचं लग्न मोडलं असतं. आणि एक क्षण, खोटं कशाला लिहू, मोडावं असंही वाटलं.

१४ एप्रिल
जयंती. बाजार बंद. रॅलीत गेलो नाही. किल्ली माझ्याजवळच होती. दुकानात एकेका गादीवर वीस वीस मिनिटं पडून पाहिलं.
स्पंज: कंबर खाली गेली, गाठोड्यासारखा झालो.
नुसता काथ्या: मला वाटायचं दुखऱ्या कमरेला जितकं कडक तितकं चांगलं. चूक. खांदा आणि कुल्हा टोचतो, कंबर अधांतरी. खालून हात आरपार जातो.
चार इंच काथ्या, वर दीड इंच फोम: हात अडून अडून जातो. कंबर टेकते. हेच.
पण मी बासष्ट किलो. हलक्या माणसाला हेच कडक लागेल. ती किती हलकी ते मला माहीत आहे. रस्त्यावरून मीच उचललं होतं.
तर फोम दोन इंच.

१६ एप्रिल
चाचांनी विचारलं, "बेटा, ये किसके लिए बना रहा है?" मी खाली मान घालून टाके घालत राहिलो. त्यांनी फोम स्वतः कापून दिला.
संध्याकाळी भाऊ आला. दाबली. मनगटापर्यंत हात गेला. "आता कसं," म्हणाला. खाली काथ्या आहे ते सांगितलं नाही.

६ मे
गेलो नाही. चाचा जेवून आले. वराकडची एक म्हातारी हात रुतवून म्हणाली म्हणे, "मऊ हाये व माय." चाचा हसले. मीही हसलो. नंतर मागे जाऊन कापूस पिंजत बसलो, धुळीत डोळ्यांचं कोणी विचारत नाही.

१९ जून
तिचा नवरा आला. सासुरवाडीला आला होता, तिथून. माणूस सरळ आहे. मला तेही आवडलं नाही.
म्हणाला, दादा, ती गादी तुमच्या हातची का? त्याची आई सहा वर्षांपासून कमरेने हैराण. एका दुपारी सहज पडली, उठली तर दुखणं कमी. आता गादी आईच्याच खाटेवर. आईसाठी त्याच कापडाची उशी पाहिजे.
मी कसंबसं विचारलं, अन् घरातले बाकीचे?
"बाकीच्याईले काय होते? बायको तं खाली सतरंजी टाकून झोपते. म्हनते, मले असंच चांगलं वाटते."
मी म्हटलं, त्यातला काथ्या दबून जाईल, म्हाताऱ्या माणसाला अजून चांगली नवी बनवून देतो, ती आधीची...
तो म्हणाला, नाही नाही, आई त्या गादीला कोणाला हात लावू देत नाही.
उशी रविवारी नेणार.

२२ जून
ती तिथं बोलणार नाही. इथं आई-भावाने शिकवूनच पाठवली असेल. तिच्या जमिनीवरच्या झोपेचं खरं कारण त्या घरात कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे, आणि माझ्या तोंडून निघालं तर पहिला प्रश्न हाच, तुला कसं ठाऊक.
परवापासून दुसरी भरून राहिलो. तेच माप, तोच काथ्या, दोन इंच फोम. चाचा बघून जातात.
उशीसोबत गाडीत टाकून देईन. पण कोणासाठी म्हणू? दुकानातर्फे भेट म्हटलं तर पाहुण्यांच्या खोलीत जाईल. सुनेसाठी म्हटलं तर काऊन, हे सांगावं लागेल.

२३ जून
तीन बाजू शिवून झाल्या. कोणासाठी म्हणू, ते अजून सुचलं नाही. उद्या रविवार.