दीड ते दोन दिवे बंद

३ नोव्हेंबर, रविवार

बेहाल्याचे घर पाहताक्षणी आवडले. गाडी हावड्याला वेळेवर पोचली आणि सामान वर चढते न चढते तोच घरमालकीण मासीमा संदेशाची बशी घेऊन आल्या. त्यांच्याकडेही आज भाऊबीज, घरभर चंदनाचा वास होता. मोठा आनंद असा, की मी फोनवर संकोचत केलेली विनंती त्यांनी पाळली आहे. चारही ट्यूबलाइट काढून पिवळे बल्ब लावले आहेत. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

ही वही पुण्याच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून. ट्यूबच्या उजेडात कुठे बसले, किती मिनिटे, काय झाले, सगळे प्रामाणिकपणे लिहायचे. दहा वर्षे हा त्रास आहे. बाकीच्यांना तो उजेड सलग दिसतो, मला थरथरताना दिसतो. आधी कपाळ जड होते, मग मळमळ, मग अक्षरे ओळीतून निसटतात. नखरे नाहीत ना हे, असे मी स्वतःलाही पुष्कळदा विचारले आहे.

विनायकला फोन केला. लेकीची, मुग्धाची परीक्षा चालू आहे. २१ डिसेंबरचे पुण्याचे तिकीट काढून ठेवले आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार

रुजू झाले. अभिलेख विभाग माझ्याकडे आहे. दालन इमारतीच्या पोटात, एकही खिडकी नाही. चौदा ट्यूब, सगळ्या जुन्या चोकच्या. बारा टेबले आहेत, एक माझे, दहा कर्मचाऱ्यांची, आणि मागच्या भिंतीशी एक रिकामे.

गुलाबी काचांचा चष्मा आणि कडेची टोपी घालून आत गेले तेव्हा सगळे माना खाली घालून हसू दाबत होते. काजलदींनी दाबले नाही. "शूटिंग कुठे आहे, हिरोइन? आमच्यासाठीही एखादा रोल बघा. आईचा चालेल." त्या तीस तारखेला निवृत्त होणार आहेत. डावा गुडघा गेलेला, बसल्या जागी सारखा चोळत असतात. जिने चढवत नाहीत म्हणून कँटीनला न जाता फायलींच्या रॅकमागे डबा खातात. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला हाताला धरून तिथे नेले. रॅकच्या सावलीत उजेड खरोखरच कमी आहे. लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि बटाट्याची भाजी. इतक्या लवकर माझा त्रास कोणाला कळलेला आठवत नाही.

संध्याकाळी एक गंमत पाहिली. दिव्यांची बटणे दालनाबाहेर, व्हरांड्यात आहेत. शिपाई दुलालदा तिथे उभे राहून एकेकाचे नाव घेतात, तो माणूस ओ देत बाहेर येतो. समोर दिसणाऱ्याचेही नाव घेतात. सगळी नावे झाली की मगच दिवे बंद. माझेही नाव घेतले. शाळा सुटल्यासारखे वाटले.

ट्यूबखाली सात तास. मळमळ दोनदा, उलटी नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

जे पाहिले तेच लिहिते.

साडेअकराला चष्मा पुसायला काढला. मागच्या रिकाम्या टेबलाशी एक माणूस बसलेला होता. पन्नाशीचा, आखूड बाह्यांचा सदरा, खाली मान घालून डाव्या हाताने काहीतरी लिहीत होता. थरथर जितकी, तितका तो. उजेड तुटला की दिसे, जुळला की नसे. चष्मा लावला. खुर्ची रिकामी, तिच्यावर धूळ.

डॉक्टरांना फोन केला. डोकेदुखीआधी डोळ्यांपुढे असे आकार येऊ शकतात, म्हणाले. मी त्यांना सदरा सांगितला नाही. का सांगितला नाही?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मुद्दाम चष्मा काढून चाळीस सेकंद पाहिले. तो तिथेच होता. तिसाव्या सेकंदाला त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितले. मी त्याला बघते आहे हे त्याला कळले, असे बघितले.

उलटी झाली. दुपारी ट्यूब काढून एलईडी लावून मिळाव्यात असा अर्ज केला, डॉक्टरांचे पत्र जोडले. एका माणसाच्या डोक्यासाठी अख्ख्या दालनाचे दिवे बदलायला लावणे योग्य आहे का, या विचाराने झोप लागली नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार

मुख्यालयाचे परिपत्रक आले. वीज वाचवण्यासाठी दीड ते दोन सर्व विभागांत दिवे, पंखे बंद. विभागप्रमुखाने स्वतः अंमलबजावणी करून कळवायचे. बुधवारपासून करायचे मी ठरवले. नियमासाठी, की त्या अर्ध्या तासाच्या काळोखासाठी? दोन्हींसाठी. हे इथे कबूल करते.

दुलालदा माझ्या टेबलापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "आलो नेभाबेन ना, मॅडम." दिवे मालवू नका. या दालनात माणसे असताना कधी मालवत नाहीत. मी परिपत्रक दाखवले. तेव्हा म्हणाले की मालवायचेच तर एकेकाचे नाव घ्या, डोकी मोजू नका. उद्यापासून ते पुतणीच्या लग्नासाठी बराकपूरला जाणार आहेत, सोमवारी येतील.

काजलदींना रॅकमागची जागा सोडावी लागणार म्हणून मी आधीच माफी मागितली. "हिरोइनचा हुकूम," त्या म्हणाल्या. "कँटीनवाल्याला सांगते, माझ्या गुडघ्याला लिफ्ट लावून दे."

२० नोव्हेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा दिवे बंद केले. नावे घेतली नाहीत. सहकाऱ्यांची नावे पुकारायला संकोच वाटला, आणि मोजणी जास्त अचूक असे मला वाटले. व्हरांड्यातल्या ट्यूबचा त्रास होत होता म्हणून टोपीची कड खाली ओढून दाराशी उभी राहिले आणि जाणारे पाय मोजले. चपला, बूट, सँडल. दहा जोड्या. मनात परत एकदा मोजल्या. दहा. मग बटणे दाबली.

दोनला दिवे लावले. सगळे येऊन बसले. काजलदी आपल्या टेबलाशी होत्या. त्यांची काठी रॅकमागे पडलेली होती, शेजारी डबा, अर्धवट उघडलेला.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काजलदी आज जिने चढून कँटीनला गेल्या. मला मॅडम म्हणाल्या. दिवसभर गुडघ्याला हात लावला नाही. मी विचारले, बरे वाटते का? "खूप," म्हणाल्या, आणि दालनाकडे अशा पाहत राहिल्या की जणू प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघायची आहे.

रजिस्टरवर सही केली. डाव्या हाताने.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळभर चष्मा काढायचे टाळले. भित्रेपणा होता तो. बारा वाजून दहा मिनिटांनी काढला.

काजलदींच्या खुर्चीत सदऱ्यातला माणूस बसला होता. डोळे मिटून, मान मागे टाकून, पंख्याचा वारा घेत.

आणि मागच्या टेबलाशी काजलदी. तोंड हलत होते, आवाज नव्हता. एक हात गुडघ्यावर, चोळत होत्या. दुसरा माझ्याकडे केलेला.

मी मोजले होते. दहा. माझी मोजणी चुकली नव्हती, दहावी जोडी त्यांची नव्हती.

२३ नोव्हेंबर, शनिवार

झोप नाही. विनायकला सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला रजा घे, डोळे दाखव. तो चिडला नाही याचेच वाईट वाटले. मला भास होत असेल तर कोणाचे काहीच बिघडलेले नाही. भास असावा असे मी देवापुढे बसून मागितले. पण काठी रॅकमागे होती, ती मी माझ्या हातांनी उचलून कपाटात ठेवली आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दुलालदा परत आले. काजलदींकडे एकदा पाहिले आणि पाणी न देताच मागे फिरले. दुपारी व्हरांड्यात त्यांनी सांगितले. त्यांचे वडीलही इथेच शिपाई होते. लोडशेडिंगच्या काळात दालन एकाएकी अंधारात गेले. परितोषबाबू नावाचे कारकून आत राहिले, तरी उजेड आल्यावर सर्वांबरोबर बाहेर आले. डावखुरा माणूस, घरी जाऊन उजव्या हाताने जेवायला बसला. हा माझा नवरा नव्हे, म्हणत बायकोने त्याला बाहेर काढून दार लावून घेतले. तेव्हापासून नावे घेतात. बोलावलेलाच माणूस ओ देतो, अशी वडिलांची समजूत.

तुम्हाला तो दिसतो का, असे मी विचारले. नाही, म्हणाले. त्यांना कधीच काही दिसले नाही. तुमच्यासारखी नजर इथे कोणाचीच नाही.

म्हणजे चाळीस वर्षे परितोषबाबू तिथे बसून होते. त्यांचाही काही गुन्हा नव्हता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

माझा अर्ज मंजूर. सोमवारी, दोन डिसेंबरला ट्यूब काढून एलईडी बसवणार. साहेबांनी अभिनंदन केले. आता तुमचा त्रास संपला, म्हणाले.

एलईडीत थरथर नसते. मग त्या टेबलाशी कोण बसले आहे ते मलाही दिसणार नाही. आणि शुक्रवारी निरोपसमारंभ. त्यानंतर परितोषबाबू हार घालून काजलदींच्या घरी जातील, त्यांच्या नातवाला मांडीवर घेतील.

सगळे नियमाप्रमाणे झाले आहे. प्रत्येक कागदावर माझी सही आहे.

२७ नोव्हेंबर, बुधवार

चष्मा काढून बारा मिनिटे. नाकातून रक्त आले. काजलदींना खुणेने विचारले. त्या रडत होत्या. बोटाने हवेत काहीतरी काढत होत्या — मला वाचता आले नाही, अक्षरे निसटत होती.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

ठरले. उद्या दीड वाजता मी आत राहणार. अंधारात त्यांचा हात धरीन. दुलालदा बाहेरून नाव घेतील, त्या ओ देतील, मी त्यांना दारापर्यंत आणीन. मग माझे नाव घेतील, मी बाहेर येईन.

दुलालदा नको म्हणाले, दोनदा. एक बाहेर यायला एक आत लागतो की काय, त्यांना ठाऊक नाही. मलाही नाही.

पण दिवे मी मालवले होते. दुसऱ्या कोणाला कसे पाठवू?

विनायकला फोन लावला. सांगितले नाही. मुग्धा म्हणाली, आई, येताना नोलेन गुळाचे संदेश आण.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार, १.२०

चष्मा आणि टोपी माझ्या टेबलावर ठेवली. वही बरोबर. मागच्या टेबलाशी स्टूल ओढून बसले आहे. समोर काजलदी. डोके फुटते आहे. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली — हो की नाही, कळले नाही. बाहेर त्यांच्यासाठी हार आणून ठेवले आहेत.

१.३१

काळोख. मोबाइलच्या उजेडात लिहिते. त्यांचा हात हातात आला. खरा. गार, जाड बांगड्यांचा. हिरोइन, असे म्हणाल्या. मी रडले.

दुलालदांनी नाव घेतले. काजल. काजल. त्या उठल्या नाहीत. मी ओढते आहे. माझा हात मात्र घट्ट —

कानाशी म्हणाल्या, त्या नावाचा माणूस बाहेर गेला आहे ग. तेच सांगत होते बोटाने. येऊ नकोस म्हणून.

हात सोडत नाहीत

आता माझे नाव. मंजुषा मॅडम

मी ओ द्यायच्या आत माझ्याच आवाजात शेजारून —

हात सुटला. माफ कर म्हणाल्या. पावले. दार

दिवे लागले. सगळे आत आले. मी हाका मारते आहे, कोणी मान वळवत नाही. चौदा ट्यूब. उजेड अगदी शांत, सलग आहे. कुठेही थरथर नाही. डोके दुखत नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा, काहीही दुखत

माझ्या टेबलाशी ती बसली आहे. माझी टोपी घातली. माझ्या पर्समधून पुण्याचे तिकीट काढून वाचते आहे, आणि डावा गुडघा चोळते

सोमवारी एलईडी. त्याआधी कोणीतरी चष्मा काढून

मुग्धा, तिच्या हातचे संदेश