संकासुराची भाषा

बाबा, परवा मुंबईहून आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, सध्या कशात रमता, प्रेरणा कुठून घेता? आमचं संग्रहालय तीन खोल्यांचं. वर्षभर मी चामड्याच्या बाहुल्या बघत हिंडते आहे, कुणकेश्वरच्या जत्रेत खेळणी विकणाऱ्यांशी बोलते आहे. तेवढंच त्यांना सांगितलं. खरं उत्तर तुम्हाला सांगते.

तुम्ही दशावतारात वेद चोरणारा संकासूर व्हायचात. डोक्यावरून काळी टोपी, तिला आईने शिवलेली लांब तांबडी जीभ. देव प्रमाण मराठीत बोलायचे, तेही जड. संकासूर मालवणीत. घरात तुम्ही गप्प असायचात. होडी, जाळं, जेवण. पण जत्रा जवळ आली की स्वयंपाकघरात आईसमोर तुमचा सराव चाले. लिहिलेलं काहीच नसे. आई चुलीवर बांगडा भाजते आहे, तुम्ही पाटावर बसून तिला छळता आहात, आणि मध्येच मी विष्णूचं भाषण सुरू करते, शाळेत बक्षीस मिळवणाऱ्या मुलीच्या आवाजात. "देवासारख्या बोला नको गो चेडवा," तुम्ही म्हणता, "बांगडो करपतलो." आई हसते. मी रुसते. मग तुम्ही समजावता, "देव बोलता तेवा लोक हात जोडतत. संकासूर बोलता तेवा हसतत. कळला म्हणान हसतत." मी विचारलं होतं, मी होऊ का संकासूर? दशावतारात बायका नसतात, एवढंच तुम्ही म्हणालात. पुढे मी मराठी साहित्य शिकले आणि या नोकरीला लागले.

यंदा दशावताराची खोली केली. तुम्ही गेल्यापासून जपलेली तुमची टोपी काचेत ठेवली. खाली मी लिहिलं: 'शंखासुराचे शिरोवेष्टन. वस्त्र कृष्णवर्ण, जिव्हा लंबित.' लोक यायचे, बघायचे, आवाज न करता जायचे. आपल्या वाडीतलं तर कुणी फिरकतच नव्हतं. एका सकाळी बाजार आटपून दोन मासेवाल्या आल्या. चपला बाहेर काढल्या. धाकटीने मोठ्याने वाचलं. थोरलीने ऐकलं, केसांतली अबोली काढून काचेवर ठेवली आणि हात जोडले.

"मावशी, हा देव नाही. संकासूर आहे."

"अगो बाय! मगे देवाच्या भाषेत कित्याक लिवलाहा?"

"असुराच्या पाया पडलंस," धाकटी म्हणाली. "आता तो तुझी मासळेची पाटी चोरतलो."

मी त्याच दुपारी काचेखालची पाटी नव्याने लिहिली, मालवणीत. समितीच्या अध्यक्षांना ती पसंत पडेना. ते मूळचे इथलेच, बांद्याचे, मुंबईत नोकरी करून परतलेले. "हे संग्रहालय आहे, बाई. लोक गंभीरपणे घेणार नाहीत." ही पाटी नाकारली गेली असती, तर पुढच्या सगळ्या पाट्या त्या जड भाषेतच राहिल्या असत्या, आणि वाडीतली माणसं बाहेरच. मी म्हटलं, निदान ऐका. कागद हातात घेतला आणि वाचायला लागले, तर आवाज माझा नव्हता.

"माका वळाखलात काय? मी संकासूर. वेद चोरलंय म्हणान देवान माका मारल्यान. दर वर्साक मारता. दर वर्साक मी येतंय. तेका कंटाळो येयना, माका लाज येयना."

अध्यक्ष खो खो हसले. बाहेरचा शिपाईही. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "जीभ पुढे घी गो तेची. काचेत दिसना नाय." आपण काय बोललो ते लक्षात आल्यावर त्यांनी घसा साफ केला. "एकच लावा. जत्रा सुरू होईपर्यंत पाहू."

लावली. त्याच दोघी परत आल्या, वाडीतल्या चौघींना घेऊन. धाकटी वाचते आहे आणि थोरली काचेशी भांडते आहे: "येतस तर ये, पण रिकाम्या हातान येव नको!" खोली हसण्याने भरून जाते. इतर पाट्याही मी लिहायला घेतल्या आहेत. त्या मंजूर होतील असं वाटतं.

हे पत्र कुठे पाठवणार? कार्यालयातही ठेवणार नाही. ठेवलं तर त्याच्यावर नोंदणी क्रमांक पडेल. एक गोष्ट मात्र अजून कुणालाच सांगितली नाही. त्या दोघी परत आल्या त्या दिवशी मी दाराआड उभी होते, काम सोडून. ते हसणं संग्रहालयाला हवं होतं, हे खरंच. पण बाबा, त्याआधी ते मला हवं होतं.