रफिकभाईंच्या दारावरचा पोचा

अहो,

तुम्हाला जाऊन वर्ष झालं, आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज लिहायला बसले, कारण डोकं फिरलंय आणि घरात भांडायला दुसरं कोणी नाही. प्रशांतशी फोनवर भांडून झालं. तो तिकडे पुण्यात तोंड पाडून बसला असेल. आता तुमची पाळी.

तुमच्या त्या हातानं केलेल्या छोट्या ट्रका धुतल्या त्यानं! अकराच्या अकरा! साबणाच्या पाण्यात बुडवून, ब्रशनं घासून, वर गॅरेजवाल्याकडून रंगाचा फवारा मारून आणला. वर्षश्राद्धाला काचेच्या कपाटात मांडल्या. पाहुणे येत होते, कपाटापुढं उभे राहून म्हणत होते, "वा! कशा नव्याकोऱ्या दिसतात!" नव्याकोऱ्या! तुम्ही असता तर कपाटासकट पाहुण्यांना बाहेर काढलं असतं.

प्रशांत म्हणाला, "आई, अगं किती धूळ बसली होती त्यांच्यावर!"

बसली होती? बसवली होती! पण हे त्याला कोण सांगणार? तुम्ही कधी सांगितलंत? पोरगा टेबलाजवळ आला की मान वर न करता "हात नको लावू" एवढंच. एकदा त्यानं विचारलं होतं, "बाबा, इतकी छान गाडी करून वर माती का लावता?" तुम्ही म्हणालात, "तुला नाय कळायचं." मग नाहीच कळलं त्याला. घ्या आता!

मला तर तुमचं हे गणित कधीच सुटलं नाही. चिकलठाण्याच्या कारखान्यात रंगावर धुळीचा एक कण बसू नये याचा पगार घ्यायचा. घरी यायचं, चहा घ्यायचा आणि पत्र्याच्या ट्रकवर चिमटीनं धूळ बसवायची. फुटाला अर्धा इंच, हे तुमचं माप. तेलाच्या डब्याचा पत्रा, सायकलच्या ट्यूबची चाकं. माझ्या हिरव्या ब्लाऊजच्या टिकल्या उसवून तुम्ही आरसे केलेत, ते मी अजून विसरलेले नाही. विचारलंसुद्धा नव्हतं!

आणि मनानं एकही गाडी करायची नाही. जी रस्त्यावर आहे तीच. मालकाकडे जायचं, टेप लावायचा, कुठं गंज आहे, कुठला दिवा फुटलाय, वहीत लिहायचं. मग ती गाडी ज्या रस्त्यानं चालते त्या रस्त्याची माती पिशवीत भरून आणायची. पिशोरची माती तुम्ही माझ्या चहाच्या गाळणीतून चाळलीत! डिंकाच्या पाण्यात कालवून मडगार्डला लावलीत. आठ दिवस चहा कचकच लागत होता आणि तुम्ही शहाण्यासारखे म्हणत होतात, "पावडर बदललीस का?"

ती रफिकभाईंची गाडी. पिशोरहून मका, कापूस घेऊन येणारी. तेव्हा तुम्ही मलाही नेलं होतंत, टेपचं दुसरं टोक धरायला. डाव्या दारावर हा एवढा पोचा होता, माझा तळवा मावेल असा. मी म्हटलं, "एवढी गाडी चालवता, हा ठोकून का नाही घेत?" रफिकभाई हसले. "भाभी, हे आमच्या सलीमनं केलंय. पहिल्या दिवशी ष्टेरिंग हातात दिलं, तर डायरेक्ट मार्केटच्या गेटात घातली! म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे. बडा डरायवर झाला की दाखवू त्याला."

सलीम मोठा ड्रायव्हर झालाच नाही. दोन वर्षांत काविळीनं गेला, रफिकभाईंचा धाकटा भाऊ. पुढं गाडीही भंगारात गेली. त्या गेटाची खूण राहिली फक्त आपल्या घरात, तुमच्या टेबलावर, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. दर ईदला रफिकभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे, गाडीपाशी जायचे, त्या पोच्यावर बोट टेकायचे आणि मग खुर्चीवर बसायचे. त्यावर तुम्ही कधी बोलला नाहीत, तेही नाही. पुरुषांचं हे मुकं प्रेम मला कधी समजलं नाही, पण मी चहा टाकायच्या आधी त्यांचं बोट टेकायची वाट बघायचे.

काल ईद होती. आले ते. एकटेच कपाटाकडे गेले. लाल चकचकीत गाडी मी बाहेर काढून दिली. त्यांचं बोट दारावरून घसरलं. परत फिरवलं. परत घसरलं. गॅरेजवाल्यानं पोच्यात लांबीचा लगदा भरून, घासून, दार सपाट केलं होतं.

"भाभी," ते म्हणाले, "गाडी लई झकास हाय. पण ये मेरी नहीं."

डबा ठेवला आणि गेले. चहा टाकलेला तसाच राहिला. सत्तरीचा माणूस कठडा धरून जिना उतरत होता आणि मी वर उभी! मी काय म्हणणार होते? पोरानं कौतुकानं केलं?

आता जे खरं आहे तेही ऐका. प्रशांतनं मला विचारलं होतं. "आई, साफ करून आणू ना?" मी पुरणाच्या घाईत होते. मला माती माहीत होती, गाळणी माहीत होती. तरी म्हणाले, "कर की. एकदाचं घर स्वच्छ दिसू दे." तीस वर्षांचा राग होता माझा त्या टेबलावर. तुम्ही तिथं जितके बसलात तितके माझ्याजवळ बसला नाहीत. तो राग मी पोराच्या हातून काढला, आणि मग फोनवर त्यालाच बोलले. लाज वाटते मला.

आज सकाळी गाडी घेऊन खिडकीत बसले. तुमचा राग, माझा राग, सगळं गोळा करून तिच्याकडे बघत होते. बघता बघता करंगळी केबिनच्या खिडकीतून आत घातली, दाराच्या आतल्या अंगाला. आणि उंचवटा लागला! तुम्ही माझ्या क्रोशाच्या सुईच्या बुडानं दाबून केलेला. बाहेरून बुजवला त्यांनी, पण पत्रा आतून अजून दबलेलाच आहे. अहो, मी तिथं बसून रडले आणि तुम्हाला शिव्याही घातल्या.

प्रशांतला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "मी रविवारी येतो. पण आई, मला शिकव." मला कुठं येतंय! पण तुमची वही आहे. अकरा गाड्या, अकरा रस्ते, सगळं लिहिलंय. माणसांशी बोलायचं सोडून वहीशी बोललात ते एवढ्यासाठी कामाला आलं.

तर वचन देते. रविवारी आम्ही दोघं पिशोरला जाऊन माती आणू. माझ्याच गाळणीतून चाळू. बाकीच्या दहांचं जमेल तसं करू, पण त्या दारातली लांबी मी कोणाला उकरू देणार नाही. मी स्वतः त्याच सुईच्या टोकानं कण कण काढीन, तुमचा पत्रा लागेपर्यंत. मग गाडी घेऊन मीच रफिकभाईंच्या घरी जाईन. ईदची वाट बघणार नाही. आधी त्यांना बोट टेकू देईन, मग बसेन.

टेपचं दुसरं टोक धरणारी,
तुमची सुनंदा