जनीचं बोट

१२ ऑग. २००३
इ. ३रीचं वाचन. जनीने कोंबड्याचा धडा घडाघडा म्हटला. बोट ओळींवर फिरत होतं. धडा संपला तेव्हा बोट चित्रावर. मी पान उलटलं, वाच म्हटलं. तिने तोच धडा पुन्हा म्हटला.
अकरा मुलं. नऊ अशीच.

१३ ऑग.
पुठ्ठ्याला खिडकी कापली. एका वेळी एकच शब्द दिसतो. आयटीआयमध्ये वायरमनच्या कोर्सला पहिल्या दिवशी शिकले ते हेच, आधी मीटर तपासा, मग रीडिंग लिहा.
जनी खिडकीकडे बघत राहिली. "बाई, धडा कुठं गेला?"
हेडगुरुजी : "पाठ आहे ना? मग झालं. तुम्ही वायरमन की मास्तरीण?"
दोन्ही, म्हटलं.

२१ ऑग.
धसईच्या बाजारात जनीची आई. "तुमी आल्यापासून पोर मुकी झाली. आधी कशी वाचायची."
करटोली घेतली.

२ सप्टें.
मुलं बोलतात, मी पुठ्ठ्यांवर लिहिते, शब्द कापून मिसळते. वानरं झाडावर बसतात. गुरुजी खुर्चीवर बसतात. जनीने तुकडे लावले आणि एकटीच हसत सुटली. जाऊन बघितलं. गुरुजी झाडावर बसतात.
कोणी वाचून दाखवायच्या आधी हसली.

९ सप्टें.
उद्या तपासणी. हेडगुरुजींनी पुठ्ठ्याची खिडकी कपाटात कुलूपबंद केली. वाचननोंदीत अकराही नावांपुढे 'वाचतो/वाचते' स्वतःच भरलंय. "सही करा, मॅडम. नोकरीत अजून कायम झाला नाहीत."
केली नाही.

१० सप्टें.
साहेब आले. "जनी, कोंबड्याचा धडा," हेडगुरुजी म्हणाले. तिने पुस्तक मिटलं.
"तो पाठ हाय. दुसरं द्या."
साहेबांनी बॅगेतलं पत्रक दिलं. बोट प्रत्येक शब्दापाशी थांबत होतं. पाणी. उकळून. प्यावे.
"फार हळू," साहेब घड्याळ बघत म्हणाले.
जनी त्यांना म्हणाली, "पन आमच्यात कोन उकलीत नाय."
साहेब हसले. हेडगुरुजी नाही.
साहेबांनी नोंदवही मागवली. मी जनीच्या नावापुढच्या 'वाचते'च्या आधी 'हळू' घातलं. बाकी आठ नावांपुढचा शेरा खोडून 'अजून नाही' लिहिलं. मग सही. साहेबांनी वही बॅगेत टाकली.
कपाटाची किल्ली हेडगुरुजींकडेच आहे. नवी खिडकी कापली.